तळहाताखालची पेन्सिल

माझ्या तोंडात एक शब्द कायम तयार असतो. सांभाळ. निक्ते जिना उतरत असो, कणसाचे दाणे सोलत असो नाहीतर नुसती उभी असो, मी म्हणणारच. माझी आई म्हणते, "इर्मा, हा शब्द तू कॉलेजातून शिकून आलीस. आमच्या घरात नव्हता."

त्या दिवशीही मी तेच म्हणाले होते. निक्ते स्टुलावर उभी राहून तव्यावर मक्याच्या तोर्तिया टाकत होती. सात वर्षांच्या मुली टाकतातच, मीही टाकायची. मी आतल्या खोलीत शाळेच्या वह्या तपासत होते. मान वर केली, ती तव्यावर वाकलेली दिसली, आणि मी अशी ओरडले की ती दचकून माझ्याकडे वळली. स्टूल कलंडलं. तोल सावरायला तिने उजवा हात टेकला, तो सबंध तळवा तापलेल्या तव्यावर.

विचारणाऱ्यांना मी स्टुलाचं सांगायची, तव्याचं सांगायची. ओरडल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या बाजाराच्या गावी, सोलोलाच्या मिशन हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात, आम्हाला पाचवा आठवडा लागला होता. जखम भरली होती. पण नवी कातडी आखडत चालली होती, आणि हात मिटत चालला होता, जणू तिने मुठीत काही लपवलंय. व्यायाम घेणाऱ्या ग्लेंडीबाईंची एक परीक्षा होती. निक्तेने हात टेबलावर पालथा टेकायचा आणि बाई तळव्याखालून वस्तू सरकवून बघायच्या. पहिल्यांदा लिंबू आरपार गेलं. मग फट कमी झाली, लिंबू अडकलं, पण जाड मार्कर जायचाच. तिथे दोन आठवडे गाडी अडली होती.

"पेन्सिल अडकली पाहिजे," ग्लेंडीबाई म्हणाल्या. "आजपासून तिसऱ्या शुक्रवारी. पेन्सिल आरपार गेली तर राजधानीला पाठवणार. तिकडे कातडी कापून मांडीची लावतात. मग पुन्हा पहिल्यापासून."

"पण तिला दुखतं हो," मी म्हणाले.

"दुखणारच. तुम्ही तिला भरवता, वेणी घालता, गुंड्या लावता. काल तिच्या चित्रात रंगसुद्धा तुम्हीच भरत होतात." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हात मुलीचा भाजलाय की तुमचा?"

निक्ते माझ्या शालीआड हात घेऊन बसली होती, आणि मी ती शाल तिच्यावर आणखी ओढून घेतली, हे त्यांनीही पाहिलं आणि मीही.

त्याच आठवड्याच्या सोमवारी फेम्के आली. हॉलंडची, वीस वर्षांची, पिंगट केसांची, दाराच्या चौकटीत मान वाकवून शिरणारी. चार महिने मुलांशी खेळायला, त्यांना गोष्टी वाचून दाखवायला. अशी मुलं-मुली दरवर्षी येतात. फुगे फुगवतात, आजारी पडतात, रडत घरी जातात. मी तिच्याकडे पहिल्यापासून संशयानेच बघत होते. तिने हात धुतले का, ते मोजत होते. धुतले होते. माझ्यापेक्षा जास्त वेळा.

शेजारच्या पलंगावर विल्मर होता, नऊ वर्षांचा, ॲव्होकाडोच्या झाडावरून पडून मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला. त्याने पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "तुमच्या देशात सगळे एवढे लांब असतात, की तुम्हालाच कुणी ओढलं?"

"सगळे," फेम्के म्हणाली. "माझा आई माझ्यापेक्षा लांब आहे." तिची भाषा अशीच होती, बायका पुरुष होत आणि पुरुष बायका, पण ती थांबत नसे.

सगळ्या मुलांना तिने आठवड्यात खिशात टाकलं. निक्तेला मात्र नाही. फेम्के मऊ चेंडू घेऊन आली, निक्तेने डाव्या हाताने घेतला आणि डाव्या हाताने परत दिला. मळलेल्या पिठाचे प्राणी करू म्हणाली, तर निक्तेने डाव्या हाताने साप केला. साप सोपा असतो.

रविवारी फेम्के जुनी ठिकाणं बघायला जायची. इशिमचेला, जुन्या राजांच्या पडक्या नगरीत, जाऊन आली, नाक भाजून लाल झालेलं, आणि मंगळवारी आई आली तेव्हा तिला मोबाईलवर फोटो दाखवत बसली. माझी आई तोमासा मंगळवारी आणि शुक्रवारी बाजाराला येते. पहाटेपासून कांदे विकते, आणि दुपारी कांद्याच्या वासासकट वॉर्डात.

"हा आजोबा खूप पवित्र," फेम्के म्हणाली. "तो आग करतो, धूप टाकतो, जुन्या राजांच्या दगडासमोर. मी लांब उभा राहतो. मी रडतो."

आईने फोटो लांब धरला, जवळ धरला. "टोपीवाला? डावा पाय ओढतो?"

"हो, हो!"

"हा माझा चुलतभाऊ सान्तोस. पवित्र आहे, खोटं नाही. पण माझ्या लग्नात अर्धी कोंबडी यानेच संपवली होती."

फेम्केने वही काढली. तिची एक वही होती, त्यात ती आमचं सगळं लिहून घ्यायची. तिने आईच्या उइपिलवरच्या, म्हणजे हाताने विणलेल्या पोलक्यावरच्या, नागमोडी पट्टीवर बोट ठेवलं. "आजी, ह्याचा अर्थ काय? पुस्तकात लिहिलंय, हा पिसांचा साप, जुना देव."

"कोण म्हणतं? हा आमच्या घरचा रस्ता आहे. वर चढायचं, खाली उतरायचं, पाय दुखतात."

"आई, असं नाहीये अगदी," मी मध्ये पडले. कॉलेजात मी ह्या नक्ष्यांवरच तीस पानांचा निबंध लिहिला होता. पहिला नंबर आला होता. "वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे अर्थ..."

"तीस पानं," आई फेम्केला म्हणाली. "तेवढ्या वेळात एक उइपिल झाला असता. हिला अर्थ सगळे येतात, विणता काहीच येत नाही. मीच शिकवलं नाही. म्हटलं, पोरीने खडू धरावा." मग निक्तेकडे हनुवटी उडवली. "ही विणते. चार बोटं रुंद पट्टी विणली होती तिने, तव्याच्या आधी."

निक्ते भिंतीकडे तोंड करून बसली.

"आजी, मला शिकवतो?" फेम्के म्हणाली.

शुक्रवारी आई कांद्याच्या टोपलीत कमरेचा माग गुंडाळून घेऊन आली. काड्या, दोऱ्या, आणि लाल-निळ्या उभ्या दोऱ्यांचा ताणा लावलेला. मी ओळखला. निक्तेचाच होता, चार बोटं पट्टी विणून सोडलेला.

"हा कशाला आणलास?" मी दबक्या आवाजात विचारलं. "तिला वाईट वाटेल."

"पिंगट बाईसाठी आणलाय. तिच्यासाठी आणलाच नाही."

मागाचं एक टोक खांबाला बांधतात, दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या कमरेमागून घेतात, आणि जमिनीवर बसून मागे रेललं की ताणा ताठ होतो. मागाचा अर्धा भाग म्हणजे विणणारी बाईच. पण वॉर्डात खांब नव्हता. फेम्केला वाटलं, दोरी कशालाही बांधली तरी चालते. तिने ती विल्मरच्या पलंगाला बांधली, गुडघे पोटाशी घेऊन चटईवर बसली, पट्टा घातला, आणि ऐटीत मागे रेलली.

विल्मरचा पलंग चालायला लागला.

पलंगाला चाकं होती आणि चाकाची कळ केव्हाच निकामी झालेली होती, हे तिला कुठून माहीत असणार? ती घाबरून आणखी मागे सरकली, पलंग आणखी पुढे आला. विल्मर आधी ओरडला, मग त्याला मजा वाटायला लागली. "ओढा बाई, ओढा! तळ्यापर्यंत ओढा!" तो प्लास्टरचा पाय वर करून हात हलवत होता. फेम्के उताणी पडली. पलंग तिच्या बुटांना येऊन थांबला.

आणि कुणीतरी हसलं. खळखळून, नाकातून. मी वळून पाहिलं तर निक्ते. पाच आठवड्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

"पलंगाला बांधतात का कधी!" ती म्हणाली. "आजी, ह्यांना काहीच कळत नाही!"

"नाही बाई, काहीच नाही," आई म्हणाली आणि कांद्याच्या पाती निवडायला लागली.

माग बाहेर व्हरांड्यात गेला, तिथे चांगला दगडी खांब आहे. निक्ते मागोमाग गेली. मी निक्तेच्या मागोमाग. फेम्केने धागा घातला, ठोकायची लाकडी पट्टी आडवी टाकून ठोकलं. दुसरी फेरी. तिसरी. चौथीला दोरे एकमेकांना चिकटले आणि सगळा गुंता झाला.

"असं नाही," निक्ते म्हणाली. "काठी उचला, आणि दुसरा हात पसरून दोऱ्यांवरून फिरवा. दाबून. म्हणजे सुटतात."

"असं?"

"नाही हो! तुम्ही मांजराला कुरवाळताय!"

फेम्केने पुन्हा केलं. पुन्हा मांजर. निक्तेने सुस्कारा सोडला, अगदी माझ्या आईसारखा, खाली बसली, डाव्या हाताने काठी उचलली. आता दुसरा हात लागतो. तो तिने शालीतून काढला. मिटलेला, गुलाबी, चकचकीत. तो तिने ताण्यावर ठेवला आणि पुढे ढकलला. बोटं हळूच, अगदी नखभर, उलगडली. तिचे ओठ घट्ट मिटले.

"निक्ते, दुखेल गं! सांभाळ!"

हात शालीत गेला. गोगलगाय शंखात जाते तसा.

फेम्केने माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर पटकन गुंत्याकडे गेली.

"इर्मा," आई शांतपणे म्हणाली, "मी बाकीचे कांदे बाजारात शेजारी बसणाऱ्या रोझाकडे ठेवून आलेय. तिला घरी जायचंय. जा, कांदे विक."

"आत्ता?"

"कांदे थांबत नाहीत."

म्हणून मी, कॉलेजात पहिला नंबर आलेली, सोलोलाच्या बाजारात पोत्यावर बसून कांदे विकत होते. माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई आली. "बाई, तुम्ही?" मी तिला जुडी दिली आणि म्हटलं, सुट्टीवर आहे. दर दोन मिनिटांनी मी हॉस्पिटलच्या चढाकडे बघत होते. तिथे माझी मुलगी दुखऱ्या हाताने काहीतरी करत होती आणि तिला सांभाळ म्हणायला कुणी नव्हतं.

तासाभराने आई उतरून आली. माझ्या शेजारी बसली, न विकलेल्या जुड्या नीट लावल्या.

"रडली का ती?"

"थोडी. पिंगट बाई पण रडली. मग दोघींनी केळं खाल्लं."

मला राहवलं नाही. गर्दीत, कांद्यांच्या ढिगामागे, मी आईला म्हणाले, "आई, त्या दिवशी स्टूल आपोआप नाही कलंडलं. मी ओरडले. मी ओरडले म्हणून ती वळली."

आईने एक जुडी उचलून पुढे उभ्या असलेल्या बाईला दिली. ती गेल्यावर म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"निक्तेनेच सांगितलं. पहिल्या दिवशी, मलम लावत होते तेव्हा. म्हणाली, आजी, आईला सांगू नकोस की मी सांगितलं, तिला फार वाईट वाटेल."

मी तोंडाला पदरासारखी शाल लावली. माझी सात वर्षांची पोर पाच आठवडे मला सांभाळत होती.

"आता रडू नकोस," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाला वाटेल कांदे तिखट आहेत."

पुढच्या आठवड्यात मी शिकले ते एवढंच: हात मांडीखाली घेऊन बसायचं. अक्षरशः. व्हरांड्यातल्या बाकावर मी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. सांभाळ तोंडात यायचा, मी तो गिळायची. निक्ते आता सकाळीच माग बांधायची, आणि फेम्के तिच्या शाळेत बसायची. शाळा कडक होती.

"बाई, काल सांगितलेलं आज विसरलात?"

"मी म्हातारा आहे, निक्ते."

"परत करा. सगळं उसवा."

एके दिवशी फेम्के सकाळी वही घेऊन माझ्याकडे आली. तिला माझा निबंध वाचायचा होता. मी तिला अर्थ सांगितले, पाच-सहा गावांचे, आणि ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सगळं जाणतो. मग तिथे का बसत नाही?" तिने मागाकडे बोट दाखवलं.

"मला येत नाही."

"मला पण येत नाही," ती म्हणाली, जणू हेच त्याचं उत्तर होतं.

दुपारी ग्लेंडीबाई यायच्या, तळव्याला तेल चोळायच्या, बोटं ताणायच्या. निक्ते कण्हायची, पण हात ओढून घेत नसे. मंगळवारी बाईंनी पेन्सिल काढली नाही. "शुक्रवारी," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. मी दिवसभर प्रयत्न केला.

शुक्रवारी लिसान्द्रो, माझा नवरा, मिनीबसची एक खेप सोडून आला होता, पण वॉर्डात त्याचा जीव घाबरतो, म्हणून तो फाटकापाशी चाकं तपासत उभा राहिला. व्यायामाच्या खोलीत ग्लेंडीबाई आणि डॉक्टर बसले होते. मी निक्तेचा कोपर धरून आत निघाले.

दारात ती थांबली. "आई, तू बाहेर थांब."

"का गं?"

"तू बघतेस ना, तेव्हा हात मिटतो."

ती हे रागाने म्हणाली नाही. फेम्केला धागा कुठून घालायचा ते सांगते, त्याच आवाजात. मी कोपर सोडला. दार लागलं.

व्हरांड्यात माग खांबाला बांधलेला होता. फेम्के जमिनीवर पट्टा घालून बसली होती, आई तिच्याशेजारी. दाराला काच होती, पण ती इतकी वर की टाचा उंचावूनही मला दिसेना.

"फेम्के, तुला दिसतं?"

फेम्के उठली, सहज डोकावली, आणि वळली. "दिसतं. पण मी नाही सांगणार. निक्ते मला मारतो." तिने कमरेचा पट्टा सोडून माझ्यापुढे धरला. "या. बसा."

"आत्ता?"

"कांदे नाहीत," ती म्हणाली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी बसले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. पट्टा माझ्या कमरेमागे आईने बांधला, फार घट्ट, मुद्दामच असावं. मी मागे रेलले, ताणा ताठ झाला आणि मला चमत्कारिक वाटलं. दोऱ्यांतून खांबाचा जोर माझ्या पाठीत येत होता. तीस पानांत हे कुठेच नव्हतं. मी काठी उचलली, धागा घातला, ठोकलं. पुन्हा. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि माझं लक्ष दाराकडे गेलं. परत बघते तर दोरे चिकटलेले, धागा तिसऱ्याच थरातून गेलेला.

"आई, हे कसं..."

"मी कांदेवाली," आई म्हणाली. "बाईंना विचार."

फेम्केने खांदे उडवले. मी ओढलं, गुंता वाढला. निक्तेच्या सुंदर पट्टीच्या टोकाला माझी गाठ बसली होती, ओबडधोबड, आणि मला घाम फुटला. दार उघडल्याचं मला कळलंच नाही.

"अगं आई! हे काय केलंस?"

निक्ते माझ्यासमोर उभी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, काही कळेना. मागे दारात ग्लेंडीबाई, हातात पेन्सिल, पण निक्ते मध्ये उभी. मी विचारायला तोंड उघडलं.

"हलू नकोस," निक्ते म्हणाली. "ताणा सैल पडतोय. मागे रेल. आणखी." ती गुडघ्यावर बसली. डाव्या हाताने काठी उचलली. मग उजवा हात पुढे आला आणि माझ्या पोटासमोरच्या लाल-निळ्या दोऱ्यांवर टेकला. सबंध. चार बोटं, अंगठा, मधली चकचकीत कातडी. करंगळी अजून जराशी वर होती, पावसात भिजल्यावर कोंबडी पाय उचलते तशी. बाकी हात सपाट होता. तिने तो दाबून पुढे नेला, मागे आणला. दोरे एकेक करत सुटत गेले, आणि त्यांची थरथर मला माझ्या कमरेपर्यंत जाणवली.

शब्द तोंडात आला होता. मी तो तिथेच ठेवला.

"अडकली," ग्लेंडीबाई दारातून म्हणाल्या आणि पेन्सिल केसांत खोचली. "राजधानी रद्द. करंगळीसाठी आणखी तीन आठवडे, पण घरून येऊन-जाऊन." मग माझ्याकडे नीट बघून, "आणि तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय?"

"माझ्या मुलीने," मी म्हणाले.

आतून विल्मर ओरडत होता, काय झालं ते त्यालाही सांगा म्हणून. फेम्के धावत सांगायला गेली, चौकटीला डोकं आपटलं, तशीच गेली. आई फाटकाकडे निघाली, लिसान्द्रोला बोलवायला.

मी उठायला लागले, तर निक्तेने पट्टा धरला.

"कुठे चाललीस? आधी हे उसव. मग पहिल्यापासून."

"निक्ते, बाबांना सांगू या ना आधी."

"आजी सांगेल." तिने माझा हात उचलला, उलटा करून पाहिला, बोटं एकेक करून सरळ केली आणि ताण्यावर ठेवला. "असं. दाबून. मांजर नाही करायचं."